अँबेसिडर इंग्लिश नाही म्हणे!

आमच्या जुन्या इंग्लिश गाड्यांच्या क्लबात सध्या रुसवेफुगवे चालू आहेत. सेलूकडचा एक तरुण पोरगा वडिलांची अँबेसिडर घेऊन रविवारच्या बैठकीला आला. गाडी अशी लखलखीत ठेवलेली की बघत राहावं. आमच्यातल्या दोघा-तिघा ज्येष्ठांनी त्याला चहा पाजला आणि सांगितलं, "बाळा, गाडी छान आहे, पण हा क्लब ब्रिटिश गाड्यांचा आहे." पोरगा "बरं काका" म्हणून निघून गेला. मी ग्रुपवर विषय काढला तर उत्तरादाखल हात जोडलेले दोन इमोजी आले. म्हणून इथं लिहितोय.

माझी स्वतःची मॉरिस मायनर आहे. म्हणजे सोवळ्यातल्या गटात मला आपोआप जागा आहे. १९४८ सालचं हे डिझाइन अ‍ॅलेक इसिगोनिस यांचं. नमुना तयार झाल्यावर त्यांना गाडी अरुंद वाटली, तर त्यांनी ती उभी मधोमध कापायला लावली आणि दोन्ही अर्धे सरकवून चार इंच रुंद केली. बॉनेटवर मधून जो उंचवटा जातो तो त्या चार इंचांचा. बंपर आधीच बनून पडले होते, तेही कापून मध्ये तुकडा जोडला. मला हा किस्सा भारी आवडतो, कारण असला जुगाड आपल्याकडच्या गॅरेजात रोज होतो आणि आपण त्याला नाक मुरडतो.

तर ही मायनर आपल्याकडे 'बेबी हिंदुस्थान' या नावानं विकली गेली, हिंदुस्थान मोटर्सकडून. आमच्या क्लबाची शान समजली जाते ती स्टँडर्ड हेराल्ड तर मद्रासला बनायची. मूळची ट्रायम्फ हेराल्ड, रेखाटन इटलीच्या मिकेलोटींचं, विलायतेत आली १९५९ ला. चार दारांची हेराल्ड तर भारतातच निघाली. आता मला सांगा, मद्रासची हेराल्ड इंग्लिश आणि बंगालातल्या उत्तरपाऱ्याची अँबेसिडर देशी, हा हिशेब कुठला? अँबेसिडर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्री. इंग्लंडात ती १९५९ ला बंद पडली, आपण २०१४ पर्यंत बनवली. तिच्यात वर्षानुवर्षं बसलेलं १४८९ सीसीचं बी-सिरीज इंजिन ज्या घराण्यातलं, त्याच घराण्यातल्या इंजिनावर एमजीए ही स्पोर्ट्स कार पळायची. एमजीए दिसली तर आमचे हेच ज्येष्ठ फेटे उडवतील. आणि आजच्या मालकीवर जायचं म्हटलं तर जग्वार २००८ पासून टाटांची आहे, एमजी चिनी कंपनीची. मग क्लबच बंद करू या.

खरं सांगायचं तर चिडलोय ते दुसऱ्याच कारणानं. मराठवाड्यात या गाड्या चालतात त्या अँबेसिडरच्या जिवावर. पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, कार्बुरेटरचं किरकोळ सामान, हे सगळं आपण कुठून आणतो? जालन्याच्या, परभणीच्या जुन्या दुकानांत अँबेसिडरचा माल पडून आहे म्हणून. आणि या गाड्या दुरुस्त करणारे हात तरी कुणाचे? आमचे मेकॅनिक चाचा आयुष्यभर टॅक्सीच्या अँबेसिडर दुरुस्त करत आले. एस.यू. या इंग्लिश बनावटीच्या कार्बुरेटरच्या डॅशपॉटमध्ये, म्हणजे वरच्या नळकांड्यात, तेल नसेल तर अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर गाडी का गुदमरते, हे त्यांना कुणी पुस्तकातून शिकवलं नाही. मायनरमध्ये बॅटरीची पॉझिटिव्ह बाजू अर्थिंगला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, जोडलेली असते, हे शहरातल्या चकाचक वर्कशॉपला सांगूनही कळलं नव्हतं. चाचांनी बॉनेट उघडताच आधी तेच बघितलं. त्यांच्याकडे विटवर्थच्या, म्हणजे जुन्या इंग्लिश मापाच्या, पान्यांचा आख्खा संच आहे. मिलिमीटरचा पाना जिथं नटाच्या कडा खातो तिथं हा चपखल बसतो. कुठून आणले विचारलं तर म्हणाले, "बावड़ी के इंजन के हैं साब. अंगरेज गए, पाने छोड के गए." विहिरीवरच्या जुन्या लिस्टर पद्धतीच्या ऑइल इंजिनांना तेच पाने लागायचे. म्हणजे ज्याच्या शेतात विहीर होती त्याच्या घरी अजून एखादा सापडेल, शोधा.

आता पेट्रोलचं बघा. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आल्यापासून जुने रबरी पाइप फुगायला लागलेत, पंपाचे डायफ्रॅम जायला लागलेत. इथेनॉल पाणी ओढतं, त्यामुळं महिनोन् महिने उभ्या गाडीच्या टाकीत गंज धरतो. हवा-पेट्रोलच्या मिश्रणात इंधन कमी पडतं म्हणून एस.यू.चा खालचा नट थोडा खाली फिरवून पेट्रोल वाढवावं लागतं, आणि पाइप तर इथेनॉल सोसणारेच बसवावे लागतात. (आमच्यातले निम्मे ऊसवाले. कारखान्याकडून उसाचं बिल घ्यायचं आणि बैठकीला येऊन इथेनॉलला शिव्या घालायच्या, हा आमचा ठरलेला कार्यक्रम.) हे सगळं ज्याला रोजच्या वापरात करावं लागतं तो अँबेसिडरवाला. त्याच्याकडून शिकायचं सोडून आपण त्याला दारातून परत पाठवतो!

उन्हाळ्याबद्दल काय बोलावं. थंड देशासाठी बनवलेल्या गाड्या आपण बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत चालवतो. पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडली की पंपावर ओला फडका टाकायचा, ही अक्कलही टॅक्सीवाल्यांचीच. गेल्या हिवाळ्यात वेरूळला निघालो तेव्हा दौलताबादच्या दरवाजातल्या कोंडीत एका सदस्याची देखणी गाडी उकळली. पुढं खुलताबादचा घाट होताच. मागून आलेल्या अँबेसिडरवाल्या अनोळखी माणसानं थांबून पाणी दिलं, फॅनबेल्ट ताणून दिला, वर "सावकाश जावा" म्हणाला. त्याला कुणी विचारलं नाही की बाबा तुझी गाडी इंग्लिश आहे का.

सरकारलाही यात अडचण दिसत नाही. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूप राखलेली, खासगी गाडी 'विंटेज' धरली जाते. नव्या नोंदणीला वीस हजार, मुदत दहा वर्षं. गाडी कुठल्या कारखान्यातून निघाली यावर नियम अडत नाही. जुनी अँबेसिडर त्यात आरामात बसते.

लग्नाच्या वरातीला गाड्या भाड्यानं देणं आणि पुढाऱ्यांसोबत फोटो काढणं यावरही मला बोलायचंय, पण ते पुन्हा केव्हातरी. आज भांडण एकच पुरे.

पुढच्या बैठकीत मी ठराव मांडणार आहे: ब्रिटिश रचनेवर भारतात बनलेली कोणतीही जुनी गाडी सदस्यत्वाला पात्र. सेलूच्या पोराला फोन केलाय, तो येतोय. ज्यांची हरकत असेल त्यांनी खुशाल विरोधात हात वर करावा, फक्त त्याआधी बॉनेट उघडून आपल्या गाडीत अँबेसिडरचं किती सामान बसवलंय ते सगळ्यांसमोर मोजून दाखवावं. सुरुवात माझ्या मायनरपासून करू.