बेसवर 'कोणीही चालेल' म्हणे!

सकाळी डोळे उघडले आणि आमच्या जुन्या ग्रुपवर एक फोटो येऊन पडलेला. 'माझा ड्रीम रॉक बँड'. गिटारवर जिमी हेन्ड्रिक्स, गिटारवर जिमी पेज, आणि परत गिटारवर एडी व्हॅन हेलन. तिघे. एकाच स्टेजवर. ड्रम्सवर नील पिअर्ट, गायला फ्रेडी मर्क्युरी. इथपर्यंत मी गप्प होतो. सगळ्यात खाली बेससमोर, म्हणजे जाड तारांच्या, खोल आवाजाच्या गिटारसमोर, काय लिहिलंय, तर 'कोणीही चालेल'. आणि पुढे हसून हसून रडणारे तीन इमोजी.

आता हा फोटो टाकणारा कोण, तर आमच्या कॉलेजच्या बँडचा गायक. आणि त्या बँडमध्ये बेस कोण वाजवायचं, तर मी. म्हणजे ते 'कोणीही' कोण हे सांगायला नको.

खरं तर मलाही गिटारच वाजवायची होती. पण दोन गिटारवाले आधीच ठरलेले, मग उरलेलं वाद्य आपल्या गळ्यात. जगातले अर्धे बेसवाले असेच तयार होतात, मान्य. बीटल्सचा पॉल मॅकार्टनीसुद्धा दुसरं कोणी तयार नव्हतं म्हणून बेसकडे आला.

तर किस्सा. एका कार्यक्रमात ऐन तिसऱ्या गाण्याच्या मध्यात माझा अँप, म्हणजे बेसचा आवाज मोठा करणारा डबा, गेला. मागे वळून बघतो तर लाल दिवा विझलेला. थांबून करणार काय, म्हणून मी वाजवतच राहिलो, जाड तारांचा नुसता टकटक आवाज, तोही फक्त मलाच ऐकू येणारा. समोरच्या पब्लिकला काही म्हणजे काही कळलं नाही, लोक नाचत होते. पण स्टेजवर गंमत सुरू झाली. ड्रमरचा पाय चाचपडायला लागला, अंधारात पायरी शोधावी तसा. एका गिटारवाल्याने आवाज वाढवला, म्हणून दुसऱ्याने वाढवला. आणि आमचे गायकमहाराज, जे जन्मात कधी मागे बघायचे नाहीत, ते गाता गाता वळले आणि थेट माझ्याकडे बघितलं. काय गेलंय ते त्याला कळत नव्हतं, पण काहीतरी गेलंय एवढं कळलं होतं.

तोच माणूस आज लिहितो कोणीही चालेल!

अरे, ज्या हेन्ड्रिक्सला तू पहिल्या नंबरवर ठेवलास ना, त्याला तरी विचार. 1968 च्या 'इलेक्ट्रिक लेडीलँड'मध्ये काही गाण्यांवर त्याने स्वतः बेस वाजवलाय. त्याचा बेसवाला नोएल रेडिंग हा मुळात गिटारवाला, आणि हेन्ड्रिक्सला जे हवं होतं ते हवंच होतं. कोणीही चालत असतं तर जगातल्या एक नंबरच्या गिटारवाल्याने गिटार खाली ठेवून बेस उचलायचे कष्ट कशाला घेतले असते?

आणि फ्रेडी! फ्रेडीला घेतलास आणि त्याच्या मागे शांतपणे उभा राहणारा क्वीनचा बेसवाला जॉन डीकन तुला दिसलाच नाही? 'अनदर वन बाइट्स द डस्ट' कोणाचं आहे? डीकनचं. 1980 मध्ये अमेरिकेत एक नंबरला गेलं ते. गाणं डोक्यात आणून बघा, पहिलं काय आठवतं? बेस. बास, माझं म्हणणं संपलं.

संपलं नाही. तीन गिटारवाले एकत्र म्हणजे काय होणार माहितीये का? तिघेही बोलणार, ऐकणार कोणीच नाही. एडी दोन्ही हातांनी गिटारच्या मानेवर टॅपिंग करत पळणार, हेन्ड्रिक्स अंगठ्याने वरची तार दाबून कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) आणि सोलो एकाच वेळी काढणार, त्याला ऱ्हिदमसाठी, म्हणजे मागून ताल धरायला, दुसरा माणूस लागतच नाही, मग पेजने काय करायचं, उभं राहून बघायचं? आमच्याकडे दोघेच होते तरी अँप गेल्यावर भांडल्यासारखे वाजवत होते.

कोणीतरी लगेच क्रीम या बँडचं नाव काढेल. हो, गिटारवर क्लॅप्टन, बेसवर जॅक ब्रूस, ड्रम्सवर जिंजर बेकर, तिघेही एकाच वेळी सोलो मारायचे आणि ऐकायला जबरदस्त होतं, काढतो शब्द मागे. पण टिकलं किती? 1966 ते 1968. ब्रूस आणि बेकरचं तर आधीच्या बँडपासून जमत नव्हतं. मग क्लॅप्टन-बेकर स्टीव्ह विनवुडला घेऊन ब्लाइंड फेथमध्ये गेले, 1969 मध्ये एक अल्बम आणि दुकान बंद.

माझा बँड वेगळा आहे. ऱ्हिदम गिटारवर एसी/डीसीचा माल्कम यंग, ज्याच्याकडे कोणी बघायचंच नाही कारण धाकटा भाऊ अँगस समोर शाळेच्या गणवेशात उड्या मारत असायचा. जाड तारा, स्वच्छ कडक आवाज, आणि दोन कॉर्डच्या मधली शांतता अशी की तीसुद्धा वाजवल्यासारखी वाटते. लीडला जेफ बेक. पिक, म्हणजे तारा छेडायची पट्टी, टाकून दिलेला माणूस, अंगठ्याने छेडायचा आणि करंगळी व्हॉल्यूमच्या नॉबवर, त्यामुळे सूर तारेतून न येता गळ्यातून आल्यासारखा यायचा. कीबोर्डला डीप पर्पलचा जॉन लॉर्ड, हॅमंड ऑर्गन थेट मार्शल अँपमध्ये घालून गिटारवाल्यांना घाम फोडणारा. फ्रेडी राहू दे, तेवढी तुझी निवड बरोबर आहे.

ड्रम्सवर माझं स्वतःशीच भांडण चाललंय. लेड झेपेलिनचा बोनम म्हणजे बोनम, एका पायाने एकच पेडल मारून जे काढायचा ते लोकांना दोन पायांनी जमत नाही. पण मी रोलिंग स्टोन्सचा चार्ली वॉट्स घेणार. व्हिडिओ नीट बघा कधीतरी, स्नेअरवर, म्हणजे मधल्या करकरीत ड्रमवर, काठी मारताना तो हाय-हॅटवरचा, म्हणजे बाजूच्या झांजांवरचा, हात उचलून घेतो. तेवढा एक ठोका सोडून देतो. ती छोटीशी मोकळी जागा आहे ना, तिच्यात सगळा स्टोन्स डुलतो. नील पिअर्ट थोर आहे, मी नाही म्हणत नाही, पण तो काही सोडत नाही.

खरं सांगू का, एवढं टाइप केल्यावर राग जरा उतरला. तो वळून बघितलेला चेहरा मी इतकी वर्षं मेडलसारखा जपलाय. कोणी म्हणालं की बेस ऐकूच येत नाही, की मी मनातल्या मनात तो चेहरा काढून बघतो. टाळ्या कधी मिळाल्या नाहीत, तेवढं एक वळून बघणं मिळालं.

म्हणून मघाशी न राहवून त्याला वेगळा मेसेज केला, अँप गेला होता तो दिवस आठवतो का, तू गाता गाता माझ्याकडे वळून बघितलं होतंस. उत्तर आलं, 'अँप गेला होता? कधी? अरे मी पुढची ओळ विसरलो होतो, तू सांगशील म्हणून बघितलं.'

घ्या.

आता मला तो चेहरा परत आठवून बघावा लागतोय आणि दर वेळी वेगळाच दिसतोय. पण ड्रमरचा पाय चाचपडला होता, त्यावर मी ठाम आहे. त्याला मात्र मी विचारणार नाहीये.

असो. बेसवर माझ्याकडे दोन नावं आहेत. एक द हूचा जॉन एन्टविसल, बाजूला गिटारवाला टाउनशेंड हात गरागरा फिरवतोय, कीथ मून ड्रम्स फोडतोय आणि हा मध्ये खांबासारखा उभा, फक्त बोटं हलतायत. दुसरा झेपेलिनचा जॉन पॉल जोन्स, जो 2009 मध्ये डेव्ह ग्रोल आणि जॉश होमीसोबत देम क्रुकेड व्हल्चर्स या बँडमध्ये वाजवायला गेला आणि वयाने तेवीस ते सत्तावीस वर्षांनी लहान पोरांना सांभाळून घेतलं. माझं मत जोन्स. कमेंटमध्ये सांगा. आणि 'कोणीही चालेल' लिहिलंत तर अनफ्रेंड करीन, गंमत नाही करत.