‘स्पष्टवक्ता’ यांना, भिंतीबद्दल

नमस्कार. अंगणातल्या विटांच्या भिंतीवरच्या माझ्या लेखाखाली आपण प्रतिक्रिया दिलीत. इतरांच्या नजरेतून ती सुटली असेल म्हणून इथे पुन्हा देतो: “साताऱ्यासारख्या काळ्या दगडाच्या मुलखात विटेची भिंत कशाला? बावीस फुटांत पाणी निघायला तीनच भोकं? मागे खडी नाही, भराव बागेतल्या काळ्या मातीचा. दोन पावसाळ्यांत पोट येईल. ज्याला भिंतीमागचं पाणी कळत नाही त्याने लोकांना शिकवू नये.”

शेवटचं वाक्य परवा रात्री वाचलं, काल पुन्हा वाचलं. आज सकाळी चहाच्या वेळी बायकोलाही वाचून दाखवलं. ती म्हणाली, “सोडून द्या की.” सोडलंही असतं. पण ‘शिकवू नये’?

मी शिकवायला बसलोय कुठे? ‘मी इंजिनिअर नाही’ हे त्या लेखाचं पहिलं वाक्य आहे, तिथपर्यंत तरी आपण वाचलं असेल असं धरतो. गवंड्याशेजारी उभं राहून जे पाहिलं ते लिहिलं. विटा हौदात भिजवून घेतल्या, कारण कोरडी वीट मालातलं पाणी शोषते आणि सांधा कच्चा राहतो. पाया दीड फूट खोल, मुरूम लागेपर्यंत. खालचं दीड फूट बांधकाम चौदा इंची, वरचं दीड फूट नऊ इंची. दर दोन थरांनंतर ओळंबा. नंतर सात दिवस दोन वेळा पाणी मारलं, त्यातले दोन दिवस मला ताप होता. हे सगळं लिहिणं म्हणजे शिकवणं असेल तर पाककृती लिहिणाऱ्या सगळ्या बायकांनाही आपण एकदा झापून यावं.

आणि पाणी कळत नाही म्हणे! तीन फूट पाणी भिंतीमागे साचलं तर दर मीटर लांबीला साधारण 400 किलोंचा आडवा रेटा येतो. त्याच उंचीच्या, निचरा होणाऱ्या मुरुमाचा रेटा अडीचशेच्या आसपास. म्हणजे भिंत ढकलायला मातीपेक्षा पाणी वाईट. हे मला कुणी प्रतिक्रियेतून सांगायला लागत नाही. माझे वडील पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं होते. सुट्टीत मी त्यांच्याबरोबर जीपमधून कालव्याच्या कामावर जायचो, अस्तरीकरण चाललेलं तासन्‌तास बघायचो. ते हिशेब विभागात होते हे खरं, पण बिलं तपासायची तर काम बघावंच लागायचं. पाण्याबद्दल आमच्या घरात जेवताना बोलणं व्हायचं, साहेब. तुमच्या घरी काय व्हायचं ते माहीत नाही.

भोकांचं मात्र बरोबर आहे. तीन कमी पडतात, चार-चार फुटांवर पाच हवी होती. चूक मान्य करायला मला कमीपणा वाटत नाही, लेखात आकडा दुरुस्त केला आहे. भिंतीत अजून नाही, गवंडी सध्या कोरेगावला एका कामावर आहे.

आता काळा दगड. दगडाचं एवढं कौतुक करणाऱ्यांनी 11 डिसेंबर 1967 आठवावा. पाटण तालुक्यातलं आमचं आजोळ कोयनेच्या भूकंपात पडलं, आणि ते दगडाचंच होतं. आजी शेवटपर्यंत जाड भिंतीच्या खोलीत झोपली नाही. तो दगड मातीत रचलेला होता, सिमेंटमध्ये नव्हता, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. ज्याच्या घरात हे घडलंय त्याला विटेचा ओढा का वाटतो, हे समजायला चार ओळींपेक्षा जरा जास्त वेळ द्यावा लागतो. शिवाय डबराची भिंत दीड-दोन फूट जाड होते. माझं अंगणच आहे अकरा फूट, जास्वंद काढून तिथे दगड रचू का?

खडी आणि काळ्या मातीचा मुद्दा फार ताणण्यासारखा नाही. काळी माती भिजली की फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, हे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. पण माझ्याकडे ती आहे तरी किती! अर्धा ब्रास खडी टाकायला बोळात टेम्पो वळत नाही, हे घरबसल्या लिहिणाऱ्याला दिसणार नाही.

टीकेला माझी ना नाही. ‘भोकं वाढवा’ एवढं लिहिलं असतंत तर आभार मानले असते. नाव ‘स्पष्टवक्ता’ घेतलं म्हणून फटकळपणा माफ होत नाही, आणि खरं नाव लिहायला कुणाची बंदी नव्हती.

पोट येण्याबद्दल म्हणाल, तर हा दुसरा पावसाळा. काल मुद्दाम दोन्ही टोकांना खिळे मारून, भिंतीपासून बोटभर सोडून, दोरी ताणली आणि फोटो वर टाकला आहे. मधल्या भोकापाशी दोरी विटांना टेकलेली दिसते. दोरी जुनी आहे, ओलीने सैल पडते.