‘लिनक्स टाका, हॅकिंग विसरा’ हा मेसेज पुढे पाठवू नका

आमच्या खारघरच्या सोसायटीच्या ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. विंडोज काढा, लिनक्स (विंडोजसारखीच, पण मोफत, पीसी चालवणारी सिस्टिम) टाका, त्याला व्हायरस लागतच नाही, कोड सगळ्यांसमोर उघडा असतो म्हणून चोरदरवाजा ठेवणं अशक्य, त्यामुळे फायरवॉल (बाहेरून येणारी नको ती जोडणी अडवणारी भिंत) नको आणि अपडेटची कटकट पण नको. मी बारा वर्षं महापेला लिनक्स सर्व्हरच सांभाळतोय, घरी पण लिनक्सच आहे, आणि म्हणूनच हे वाचून जीव तुटतो.

कारण आमच्या सेक्रेटरी काकांनी त्यावर विश्वास ठेवून ऑफिसच्या पीसीवर उबुंटू, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, टाकून घेतलं. टाकून देणाऱ्या मुलाने घरबसल्या सपोर्ट देता यावा म्हणून एसएसएच, म्हणजे लांबून नेटवरून पीसीत लॉगिन करायची सोय, चालू केलं, राउटरमधून त्याचं दार, पोर्ट २२, बाहेर उघडलं आणि पासवर्ड ठेवला सोसायटीचं नाव आणि एकदोनतीन. त्या पीसीत सगळ्या भाडेकरूंची आधारकार्डं स्कॅन करून ठेवलेली आहेत! रविवारी मी काकांना शेजारी बसवून लॉग, म्हणजे लॉगिनच्या प्रयत्नांची नोंद, उघडला. रूट या मुख्य खात्यासाठी पासवर्ड चुकला, अ‍ॅडमिनसाठी चुकला, टेस्टसाठी चुकला, दर काही सेकंदांनी एक नवी ओळ, वेगवेगळ्या देशांतले आयपी. काका म्हणाले, “अरे पण आपल्याला कोण ओळखतं?” कोणीच नाही ओळखत काका, हे बॉट आहेत, आपोआप चालणारे प्रोग्रॅम, ते अख्खं इंटरनेट दार दार ठोठावत फिरतात.

तर ‘व्हायरस लागत नाही’. घरच्या लॅपटॉपपुरतं यात थोडं तथ्य आहे, सॉफ्टवेअर बहुतेक वेळा डिस्ट्रोच्या, म्हणजे उबुंटूसारख्या लिनक्सच्या प्रकाराच्या, स्वतःच्या, डिजिटल सही तपासलेल्या भांडारातून येतं आणि डेस्कटॉपवर लिनक्स वापरणारे मुळात कमी. पण २०१६ चा मिराई आठवा, व्हायरससारखाच यंत्रायंत्रांत पसरणारा प्रोग्रॅम. त्याने धरलेले कॅमेरे, त्यांचं रेकॉर्डिंग करणारे डीव्हीआर, राउटर यांच्या आत लिनक्सच होतं, आणि घुसायला कसलीही भारी ट्रिक लागली नाही, कंपनीने दिलेले साठेक युजरनेम-पासवर्ड टेलनेट या लांबून लॉगिन करायच्या जुन्या सोयीवर एकामागून एक लावून बघितले, बस. त्याच यंत्रांनी २१ ऑक्टोबर २०१६ ला डाइन या डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या) कंपनीवर मारा केला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स कित्येक तास धड उघडत नव्हतं.

‘कोड उघडा म्हणून चोरदरवाजा अशक्य’ हे मात्र सगळ्यात धोकादायक वाक्य आहे. एक्सझेड नावाची एक छोटी लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅम वापरतात असा तयार कोड, आहे, ती फाइल दाबून लहान करते, जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असते. जिया तान या नावाने कोणीतरी दोनेक वर्षं तिथे इमानदारीत काम केलं, थकलेल्या मूळ मेंटेनरचा, म्हणजे ती सांभाळणाऱ्याचा, विश्वास मिळवला, आणि २०२४ च्या सुरुवातीला ५.६.० आणि ५.६.१ मध्ये एसएसएचपर्यंत पोचणारा चोरदरवाजा घातला. आता हे नीट बघा, तो जागा करणारा तुकडा सगळ्यांना दिसणाऱ्या गिटमध्ये, म्हणजे कोडच्या उघड्या साठ्यात, नव्हताच, तो फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये, म्हणजे वाटायला बांधलेल्या गठ्ठ्यात, होता, आणि बाकीचा माल टेस्टच्या फाइलींमध्ये लपवलेला. सापडला कसा, तर अँड्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसच्या डेव्हलपरला एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं आणि तो खणत गेला. २९ मार्च २०२४ ला त्याने जाहीर केलं, तोवर ते डेबियन, फेडोरा या लिनक्सच्या प्रकारांच्या चाचणीच्या आवृत्त्यांत पोचलं होतं, स्थिर आवृत्त्या वाचल्या. कोड उघडा होता म्हणूनच त्याला खणता आलं, हे मी छातीठोक सांगेन. पण उघडा असणं वेगळं आणि कोणीतरी बसून वाचणं वेगळं. नेटवरची माहिती गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएलमधली हार्टब्लीड ही मोठी चूक पण २०१२ ते २०१४ सगळ्यांच्या डोळ्यांसमोरच होती ना.

फायरवॉलचं म्हणाल तर उबुंटूत यूएफडब्ल्यू नावाचं फायरवॉल येतं पण बंद असतं. नव्या डेस्कटॉपवर बाहेरून ऐकणारी सर्व्हिस जवळजवळ नसते म्हणून चालून जातं, तुम्ही एसएसएच किंवा फाइल शेअर करायचं सांबा टाकलंत की गणित बदललं. आणि डॉकर (प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात चालवायचं साधन) वापरणाऱ्यांनो, डॉकरने पब्लिश केलेला, म्हणजे बाहेर उघडलेला, पोर्ट यूएफडब्ल्यूला बगल देऊन जातो, यूएफडब्ल्यू बंद सांगतं आणि बाहेरून दार सताड उघडं. फक्त त्याच मशिनला हवा असेल तर १२७.०.०.१ हा त्या मशिनचा स्वतःचाच पत्ता लावूनच पब्लिश करा.

अपडेट नको म्हणणाऱ्यांना एकच सांगतो, ओपनएसएसएच या एसएसएचच्या सॉफ्टवेअरमधली २००६ ला बुजवलेली एक चूक २०२० च्या बदलांत परत आली आणि २०२४ ला सापडली. दुरुस्ती लगेच निघाली, पण ती अपडेट करणाऱ्यालाच मिळते.

ऑफिसच्या पीसीवरचा पोर्ट फॉरवर्ड, म्हणजे राउटरमधून उघडलेलं ते दार, काढलाय, पासवर्ड बदललाय, यूएफडब्ल्यू चालू केलंय, सिक्युरिटी अपडेट आपोआप होतायत. जिन्याखालच्या डीव्हीआरचा पासवर्ड अजून खोक्यावर छापलेलाच आहे, तो आज रात्री काका आणि मी बदलतोय. येत्या रविवारी अकराला मी ऑफिसात आहे, ज्यांनी मेसेज वाचून लिनक्स टाकलंय त्यांनी लॅपटॉप घेऊन या.