फिल्मचे डबे कुणाच्या कपाटात?

चॉकलेटच्या फॅक्टरीतला तो सीन रील्समध्ये कधीतरी तुमच्याही समोर आला असेल. पट्टा जोरात पळायला लागतो, हाताला वेग झेपत नाही, मग दोघी जणी चॉकलेटं तोंडात कोंबतात, टोपीत लपवतात. 1952 चा एपिसोड आहे तो. त्यातली अमेरिकन नटी ल्युसिल बॉल विनोदाची राणी होती हे सगळे सांगतात. मला मात्र तिचा हिशेब जास्त आवडतो.

1951 साली तिची ‘आय लव्ह ल्युसी’ ही टीव्ही मालिका (तो सीन हिच्यातलाच) सुरू व्हायची होती, तेव्हा अमेरिकेतले बरेचसे मोठे कार्यक्रम न्यूयॉर्कहून थेट दाखवले जायचे आणि लांबच्या गावांना त्याची धुरकट कॉपी मिळायची. ल्युसी आणि तिचा नवरा देसी आर्नाझ यांना हॉलिवूड सोडायचं नव्हतं. त्यांनी सुचवलं, सिनेमासारखं 35 एमएम फिल्मवर शूट करू, समोर प्रेक्षक बसवू. खर्च वाढतोय म्हणून मालिका दाखवणारी टीव्ही कंपनी सीबीएस कुरकुरायला लागली. तेव्हा दोघांनी आपल्या मानधनातले आठवड्याला हजार डॉलर सोडले आणि एपिसोडची मालकी आपल्या ‘देसीलू’ कंपनीकडे घेतली. एकदा दाखवून झालेल्या एपिसोडला पुन्हा कोण विचारणार, असाच तेव्हा समज होता! पुढे तेच एपिसोड सीबीएसने लाखो डॉलर मोजून विकत घेतले. आणि 1957 मध्ये या जोडप्याने आरकेओ स्टुडिओ घेतला. 1930 च्या दशकात ल्युसी तिथेच पगारावर किरकोळ कामं करायची.

खरं सांगायचं तर धंद्याचं डोकं बरंचसं देसीचं. पण 1960 ला घटस्फोट झाला, 1962 ला तिने त्याचा हिस्सा विकत घेतला आणि खुर्चीत स्वतः बसली. एवढा मोठा स्टुडिओ चालवणारी हॉलिवूडमधली पहिली बाई. ‘स्टार ट्रेक’ ही अंतराळातली मालिका महाग पडेल म्हणून कंपनीतलीच माणसं नको म्हणत होती, ती मागे उभी राहिली. 1967 ला मात्र तिने कंपनी 1 कोटी 70 लाख डॉलरला विकली. ‘स्टार ट्रेक’ने नंतर जे छापलं ते दुसऱ्यांच्या तिजोरीत गेलं. मला अजून हळहळ वाटते, पण थकली असेल बिचारी.

मी मराठी मालिकांत छोट्या भूमिका करते. आमचं पर डे ठरतं, चेक नव्वद दिवसांनी, तोही आला तर. करारातलं मालकीचं पान मी आजवर वाचलेलं नाही, सही तेवढी केलीय. लॉकडाऊनमध्ये माझी एक जुनी मालिका पुन्हा लागली. आईचा फोन.

“अगं, तू दिसतेयस! परत लावलं म्हणजे परत पैसे देत असतील ना?”

“आई, दूध उतू जातंय, ठेवते,” म्हटलं. गॅसवर काहीही नव्हतं.