घरच्या हत्यारानं कोर फुटत नाही

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला कोल्हापुरातल्या चार ओळखीच्यांनी पाठवला. चौघंही जुन्या रेडिओचा नाद असलेले. मेसेज थोडक्यात असा: "जुन्या रेडिओची अलाइनमेंट घरी बनवलेल्या काड्या-पट्ट्यांनी करू नका, कोर फुटतात. चांगल्या कंपनीचा इन्सुलेटेड स्क्रूड्रायव्हर वापरा. लॅबचा सिग्नल जनरेटर नसेल तर आयएफला हात लावू नका. नुसत्या कानानं अलाइनमेंट होत नाही. आणि एवढं करून मीडियम वेव्हवर आता लागतं तरी काय?" चौघांपैकी एकानं हे वाचून आजोबांचा सेट भंगारात द्यायला काढला होता. म्हणून बसून लिहितोय. आधी शब्द: अलाइनमेंट म्हणजे रेडिओतल्या कॉइल ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर नेमक्या लावणं, आयएफ म्हणजे ती आतली ठरलेली फ्रिक्वेन्सी जिच्यावर प्रत्येक स्टेशन आणलं जातं, आणि कोर म्हणजे त्यासाठी कॉइलमध्ये फिरवायचा खाचेचा तुकडा.

कोर फुटतात हे खरं आहे. पण घरच्या हत्यारानं फुटतात हे खोटं. आयएफच्या कॅनमधला, म्हणजे कॉइलवरच्या धातूच्या डबीतला, कोर लोहभुकटीचा असतो नाहीतर फेराइटचा, आणि दोन्ही कपबशीसारखे ठिसूळ. खाचेपेक्षा बारीक टोक आत घातलं की ते पूर्ण टेकत नाही, दोन कोपऱ्यांवरच जोर येतो आणि पाचर ठोकल्यासारखा कोर दुभंगतो. म्हणजे कोर फोडतं ते न बसणारं टोक, मग ते दुकानातलं असो की घरचं. विकतच्या संचात ठरावीक मापं येतात. घरी मात्र समोरच्या खाचेचं माप घेऊन टोक घासता येतं, आणि घरच्या हत्याराचा सगळा फायदा तिथेच आहे.

शिवाजी पेठेतल्या एका काकांचा सेट माझ्याकडे आला, तेव्हा दुसऱ्या कॅनचा वरचा कोर असाच फुटलेला होता. कुठल्यातरी दुकानात पोलादी स्क्रूड्रायव्हरनं पिळला होता. तुकडे आट्यांत रुतून बसले होते. ते काढायला मला दोन संध्याकाळी लागल्या आणि नवा कोर भंगारातल्या दुसऱ्या कॅनमधून घ्यावा लागला.

मी करतो ते असं. आधी पुठ्ठ्याची बारीक पट्टी कापून खाचेत घालून बघायची. ती सैल न होता जेवढी बसेल तेवढं माप. मग प्लास्टिकची विणकामाची सुई घेऊन तिचं टोक दोन्ही बाजूंनी बारीक कानशीनं घासायचं, दोन-चार हात मारले की पुन्हा खाचेत घालून बघायचं. घाई केली की टोक निमुळतं होतं, आणि निमुळतं टोक म्हणजे परत पाचरच. शेवटचे दोन मिलिमीटर दोन्ही बाजू समांतर हव्यात. कोर घट्ट असेल तर सुई पिळवटते. तिथे जुन्या सर्किट बोर्डाची ग्लास-इपॉक्सी पट्टी चालते, पण तिच्यावरचं तांबं पूर्ण सोलून काढलेलं हवं. बुरुडाकडची बांबूची कामटीही उत्तम, फक्त आपल्याकडच्या पावसाळ्यात ती दमट होते आणि टोक फुगतं. टोकाला फेविक्विकचे दोन थेंब जिरवले की टोक कडक होतं, ओल धरत नाही.

कोर हललाच नाही तर जोर लावायचा नाही. बहुतेक वेळा आत मेण असतं. केस वाळवायच्या ड्रायरनं कॅन कोमट करा, पाच मिनिटं थांबा, मग फिरवून बघा.

आता "इन्सुलेटेड स्क्रूड्रायव्हर". मेसेजमधला हा सल्ला मला सगळ्यात जास्त खटकतो. मुठीचं इन्सुलेशन तुमचा हात वाचवतं, कॉइलला त्याचा काही उपयोग नाही. पोलादी पातं कॉइलजवळ गेलं की तिचा इंडक्टन्स, म्हणजे ज्यावर तिची फ्रिक्वेन्सी ठरते तो गुण, वाढतो. पितळ किंवा अॅल्युमिनियम नेलं तर कमी होतो. तुम्ही पातं आत ठेवून आवाज सर्वांत मोठा करता, पातं बाहेर काढता आणि आवाज उतरतो, कारण तुम्ही कोर आणि पातं दोन्ही मिळून ट्यून केलेलं असतं.

हाच गुण एका घरगुती हत्यारात कामाला येतो. एका नळीच्या एका टोकाला फेराइटचा तुकडा बसवा, दुसऱ्या टोकाला पितळेचा. अँटेना कॉइलमध्ये फेराइटचं टोक नेल्यावर आवाज वाढला तर कॉइलला इंडक्टन्स कमी पडतोय. पितळेच्या टोकानं वाढला तर जास्त झालाय. दोन्हींनी उतरला तर कॉइल जागेवर आहे, हात लावू नका. स्क्रू न फिरवता निदान होतं. पितळेचा तुकडा उद्यमनगरातल्या कुठल्याही लेथवर मिळेल.

लॅबच्या जनरेटरबद्दल, म्हणजे ठरलेल्या फ्रिक्वेन्सीचा सिग्नल देणाऱ्या यंत्राबद्दल. टीव्हीच्या कित्येक जुन्या रिमोटमध्ये ४५५ किलोहर्ट्झचा सिरॅमिक रेझोनेटर असतो, म्हणजे त्याच फ्रिक्वेन्सीवर कंप पावणारा छोटा तुकडा; बऱ्याच रेडिओंची आयएफही तीच. त्याला १२ नं भागलं की रिमोटला लागणारे ३८ च्या आसपासचे किलोहर्ट्झ मिळतात, म्हणून तो तिथे असतो. बंद पडलेल्या रिमोटमधला तो काढा, एक बीसी५४७ ट्रान्झिस्टर, चार-सहा रेझिस्टर-कपॅसिटर आणि आवाज यायला ५५५ या टायमर चिपची टूं टूं जोडा, झाला जनरेटर. "पण तो अचूक नसतो" असं कुणी म्हणेल. एक-दोन किलोहर्ट्झ इकडेतिकडे होईल, कबूल. घरगुती रेडिओत सगळे आयएफटी (कॅनमधले आयएफ ट्रान्सफॉर्मर) एकाच फ्रिक्वेन्सीवर असणं महत्त्वाचं. तेवढा फरक नंतर ऑसिलेटर (स्टेशनला आयएफवर आणणारा रेडिओतला भाग) लावताना भरून निघतो. एक काळजी मात्र घ्या: प्रत्येक सेट ४५५ चा नसतो. जुन्या सेटमध्ये ४५२, ४६५, ४७० सुद्धा सापडतात. आधी सर्किट बघा.

डायल लावायला तर जनरेटरही नको. शेजारी चालू ट्रान्झिस्टर ठेवा. तो ४५५ चा असेल आणि ५४५ वर लावला असेल तर त्याचा ऑसिलेटर दोन्हींच्या बेरजेवर, १००० किलोहर्ट्झवर चालतो. तोच तुमच्या सेटमध्ये १००० ची खूण म्हणून ऐकू येतो.

कानाबद्दल मेसेज निम्मा बरोबर आहे. आवाजातला थोडासा फरक कानाला कळत नाही. पण त्याला उपाय साधा आहे: स्पीकरच्या दोन टोकांना मल्टिमीटर, एसी व्होल्टवर. सिग्नल ऐकू येईल न येईल इतका बारीक ठेवा, नाहीतर एव्हीसी (आवाज आपोआप सारखा ठेवणारी सोय) शिखर सपाट करून टाकतं आणि काटा कुठेच ठरत नाही. शेवटच्या आयएफटीपासून मागे मागे या. मग ऑसिलेटर, मग अँटेना: डायलच्या खालच्या टोकाला कोर, वरच्या टोकाला ट्रिमर (स्क्रूनं फिरवायचा छोटा कपॅसिटर), दोन-तीन फेऱ्या.

"लागतं काय" याचं उत्तर डायलवरच आहे. कोल्हापूर आकाशवाणी एफएमवर, म्हणजे जुन्या सेटवर नाही, हे खरं. पण सांगली १२५१ वर, पुणे ७९२ वर, मुंबईची अस्मिता ५५८ वर. अंधार पडला की मीडियम वेव्ह लांब पोचते, तेव्हा नीट लावलेला आणि न लावलेला सेट शेजारी ठेवून ऐका.

मेसेजमध्ये नसलेली, पण असायला हवी होती अशी गोष्ट धोक्याची आहे. यूसीएच४२, यूएल४१ असे यू मालिकेचे व्हॉल्व्ह असलेले सेट बहुधा ट्रान्सफॉर्मरशिवायचे असतात, त्यांची चॅसी (धातूचा सांगाडा) थेट मेनला जोडलेली असू शकते. असा सेट आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय (सेटला मेनपासून वेगळं ठेवणारा) उघडून चालवू नका, मल्टिमीटर किंवा जनरेटर लावू नका. दुसरं, जुन्या अभ्रकी ट्रिमरवाल्या कॅनमध्ये व्हॉल्व्हच्या प्लेटकडच्या ट्रिमरच्या स्क्रूवर दोनशे-अडीचशे व्होल्ट डीसी असू शकतो. तिथे सुई किंवा कामटी लांब ठेवा, किमान वीतभर, आणि दुसरा हात खिशात.