‘कॅन्सर झालाच आहे, मग आता जनुकांची चाचणी कशाला?’

सध्या फिरणारा एक मेसेज: ‘स्तनाचा कॅन्सर झाल्यावर जनुकीय चाचणी म्हणजे वरातीमागून घोडं. उपचार तेच राहतात. आईच्या माहेरी कोणाला नसेल तर आनुवंशिक असण्याचा प्रश्नच नाही. चाचणी पॉझिटिव्ह आली की दोन्ही स्तन काढायला लावतात. फारच शंका असेल तर मुलीची करा. निगेटिव्ह आली की विषय संपला.’

यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात घातक, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

आईला कॅन्सर आहे, मुलगी धडधाकट आहे. मुलीची चाचणी केली, निगेटिव्ह आली. याचा अर्थ काय? आईच्या जनुकात दोष होता पण मुलीकडे आला नाही, असा असू शकतो. किंवा आईच्या कॅन्सरमागे जे काही आहे ते या चाचणीत सापडण्यासारखंच नाही, असाही असू शकतो. पहिल्या बाबतीत मुलीचा धोका चारचौघींइतकाच, दुसऱ्या बाबतीत घराण्यातला धोका होता तिथेच. आईची चाचणी झाली नसेल, तर या दोन्हींतलं खरं कोणतं ते कोणीच सांगू शकत नाही. उलट आईत बीआरसीए-१ या, स्तनाच्या आनुवंशिक कॅन्सरशी निगडित जनुकातला नेमका बदल सापडला, की मुलीच्या, मुलाच्या, बहिणीच्या रक्तात तेवढीच एक जागा बघायची असते. तिथे तो बदल नसला, की ‘निगेटिव्ह’ या शब्दाला वजन येतं. म्हणून शक्य असेल तिथे सुरुवात जिला आजार झाला आहे तिच्यापासूनच करतात. मेसेज नेमकं उलटं सांगतो.

आता ‘उपचार तेच राहतात’. एके काळी हे बरंचसं खरं होतं. बीआरसीए जनुकांचं काम पेशीतला तुटलेला डीएनए नीट सांधणं. ते बंद पडलेली कॅन्सरची पेशी दुरुस्तीच्या दुसऱ्या वाटांवर तगून राहते, आणि ओलापॅरिबसारखी औषधं त्यातली एक वाट अडवतात. आजार उलटण्याचा धोका जास्त असलेल्या, हर-टू निगेटिव्ह (म्हणजे गाठीत हर-टू हे प्रथिन वाढलेलं नसलेल्या) आणि बीआरसीए दोष असलेल्या रुग्णांना नेहमीच्या उपचारांनंतर वर्षभर हे औषध दिलं, तेव्हा ३ वर्षांनी आजार न उलटलेल्यांचं प्रमाण ७७.१ टक्क्यांवरून ८५.९ टक्क्यांवर गेलं. ‘ऑलिंपिया’ या औषध-चाचणीचे हे निष्कर्ष २०२१ साली आले. टीपी-५३ या जनुकात दोष निघाला, तर रेडिएशन शक्यतो टाळण्याकडे कल असतो, कारण त्यातूनच नवा कॅन्सर होण्याची भीती असते. म्हणजे रिपोर्ट वेळेत हातात असला तर ऑपरेशनपासून गोळ्यांपर्यंत बरंच काही बदलू शकतं. ६५ वर्षांपर्यंतच्या प्रत्येक नव्या रुग्णाला बीआरसीए चाचणी देऊ करावी, असं अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनांनी २०२४ मध्ये सांगितलं, ते उगाच नाही.

(‘बायोप्सीत हर-टू बघितलं की!’ असं काही जणी म्हणतात. ती तपासणी गाठीची. आनुवंशिक चाचणी रक्ताची किंवा लाळेची. एकीने दुसरीचं काम होत नाही.)

‘आईच्या माहेरी कोणाला नाही’ हा तर निव्वळ गैरसमज. हे दोष वडिलांकडूनही तितक्याच सहज येतात. प्रत्येक अपत्यात येण्याची शक्यता निम्मी. समुपदेशक कागदावर वंशावळ काढतात: पुरुष चौकोन, बाई वर्तुळ, कॅन्सर झालेला आकार काळा भरलेला, वारलेल्यावर तिरकी रेघ. वडिलांच्या बाजूला सगळे चौकोनच असले, तर दोष दोन पिढ्या गुपचूप उतरत येऊ शकतो. मग कोणाला तरी आठवतं, की आजी ‘पोटात पाणी होऊन’ गेली. ते कदाचित अंडाशयाच्या कॅन्सरचं असेल. काकांचा प्रोस्टेट, आत्याचं स्वादुपिंड, हेही त्याच कागदावर लिहायचं असतं.

‘पॉझिटिव्ह आली की दोन्ही स्तन काढतात.’ काढायला कोणी लावत नाही. एका बाजूला कॅन्सर होऊन गेल्यावर २० वर्षांत दुसऱ्या बाजूला होण्याचा धोका बीआरसीए-१ मध्ये सुमारे ४० टक्के आणि बीआरसीए-२ मध्ये २६ टक्के निघाला आहे. हा आकडा काही बायकांना ऑपरेशनसाठी पुरेसा वाटतो, काही जणी दरवर्षी एमआरआय आणि मॅमोग्राफी करून लक्ष ठेवतात. अंडाशयाची गोष्ट मात्र वेगळी. तो कॅन्सर लवकर पकडणारी भरवशाची तपासणीच नाही, म्हणून मुलंबाळं झाल्यावर, बीआरसीए-१ असेल तर ३५ ते ४० च्या दरम्यान, अंडाशय आणि बीजवाहिन्या काढण्याचा सल्ला देतात. मेसेजमध्ये याबद्दल अवाक्षर नाही.

एवढं मात्र खरं, की स्तनाचे बहुतेक कॅन्सर आनुवंशिक नसतात. साधारण ५ ते १० टक्केच असतात. त्यामुळे पुष्कळ रिपोर्ट निगेटिव्हच येणार. आणि काहींवर ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा येणार: बदल दिसतो आहे, पण तो घातक की निरुपद्रवी हे अजून ठरलेलं नाही. अशा शेऱ्यावर ऑपरेशन ठरवायचं नसतं आणि त्या बदलासाठी मुलीबाळींच्या चाचण्याही सहसा करायच्या नसतात. यातल्या ज्या बदलांचा पुढे निकाल लागतो, ते बहुतेक निरुपद्रवीच ठरतात. रिपोर्ट जपून ठेवावा आणि अधूनमधून डॉक्टरांकडे चौकशी करावी, शेरा बदलला का.