कोरम आणि कणीक

आमच्या गावात ग्रामसभेची नोटीस व्हॉट्सॲपवर येते. ग्रुपला नाव गावाचं, पण नंबर सगळे बाप्यांचे. मला सभा कळते ती नवऱ्याने इस्त्रीचा शर्ट घातला की.

यावेळी म्हटलं आपणही जायचं. ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी महिला सभा घ्यायची असं कायद्यातच आहे ना, ती झाली का विचारलं तर शिपाई म्हणतो, "झाली की वहिनी, तुमची सही पण आहे." मग आठवलं, कणीक मळताना तो रजिस्टर घेऊन दारात आला होता आणि मी बचत गटाचं समजून सही ठोकली होती. सहीवर कणकेचा ठिपका अजून आहे, हजेरीचा पुरावा पक्का.

सभा सकाळी 11 ला, ऐन खुरपणीत, रोजावर जाणारीने काय करायचं? आणि जागा मारुतीचं देऊळ! आमच्या शेजारणीला नेमकी अडचण, ती बाहेर पारापाशी उभी. तिचा विषय सार्वजनिक संडासाचा, तो ती तिथून ओरडून सांगतेय आणि आत माईक कूंऽऽ करतोय.

कोरम म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, जे कमी ते. मोजले तर 41, त्यात दोन कडेवरची पोरं. तहकूब. तहकूब सभेला कोरम लागतच नाही, त्यामुळे आठवड्याने त्याच सतरंजीवर तीच माणसं कशी निवांत बसली होती, विचारू नका.

सरपंच बाई आहे हां, 50 टक्के आरक्षण आहे आपल्याकडे. खुर्चीत ती, माईक नवऱ्याच्या हातात. "मॅडमचं म्हणणं असंय की..." तो सुरू झाला तशी मॅडम माझ्याकडे वाकून हळूच विचारते, "काय म्हणणंय गं माझं?"

माझा विषय आयत्या वेळच्या विषयांत, म्हणजे चहा आल्यावर. सभा संध्याकाळी 7 ला समाजमंदिरात घ्या. सूचक मी, अनुमोदक पारापाशी ती शेजारीण (आता अडचण नव्हती, पण तिथून आवाज जास्त पोचतो म्हणे). बाहेरून दिलेलं अनुमोदन चालतं का यावर बाप्यांनी इतका घोळ घातला की चहा गार झाला. शेवटी ठराव मंजूर, प्रोसिडिंगला नोंद. मी आठवडाभर हवेत.

पुढच्या सभेच्या दिवशी 7 ला मी चुलीपाशी भाकऱ्या थापत होते. 9 वाजता नवरा घरात शिरला, अंगात इस्त्रीचा शर्ट.